टेसाच्या माहेरचा माणूस

शनिवारी उजाडता उजाडता टेसा दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळे बूट होते. दार शुभानं उघडलं. सातवा महिना लागलेली सून, फोन न करता, फेब्रुवारीच्या थंडीत कोटाची बटणंसुद्धा न लावता गाडी घेऊन आली, म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच कुणालाही वाटलं असतं. पण टेसा रडत नव्हती. तिला धाप लागली होती आणि ती कसंबसं हसू आवरत होती.

"आई, मला भाऊ आहे," ती म्हणाली. "सख्खा. आणि तो पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज गावात राहतो."

'आई' तेवढं मराठीत, बाकी सगळं इंग्रजीत. शुभानं तिला हाताला धरून आत घेतलं, पाणी दिलं, बस म्हटलं. टेसा बसलीच नाही. ग्लास हातात घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या छोट्याशा हॉलमध्ये फेऱ्या मारत ती भराभर बोलत राहिली आणि शुभाला एकेक धागा जुळवून घ्यावा लागला.

टेसा म्हणजे शुभा-शशिकांतच्या एकुलत्या एका मुलाची, अनीशची, बायको. जनावरांची डॉक्टर. जन्म चीनमधला, जियांग्शी प्रांतातल्या एका लहानशा शहरातला. निदान ती सापडली तरी तिथे होती, भाजीबाजाराच्या फाटकाशी, दुपट्यात गुंडाळलेली. वर्षाची असताना पेनसिल्व्हेनियातल्या ब्लूम्सबर्गच्या कॅरल नावाच्या बाईनं तिला अनाथालयातून दत्तक घेऊन अमेरिकेत आणलं. कॅरलनं लग्न केलेलं नव्हतं; ती शाळेची बस चालवायची. त्या वर्षांत चीनमधून अशा हजारो मुली अमेरिकेत आल्या. लग्नाच्या आधीपासून शुभाला हे सगळं ठाऊक होतं, पण टेसा त्याबद्दल फारसं बोलायची नाही. एकदाच बोलली होती. चीन सरकारनं परदेशात मुलं दत्तक द्यायचं बंद केल्याची बातमी आली त्या दिवशी ती जेवायला आली होती, आणि पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाली होती, "म्हणजे माझ्यासारखी शेवटची मुलगी येऊन गेली."

मग दिवस राहिले. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, घरात कुणाला मधुमेह, कुणाला हार्टचा त्रास, आईची बाळंतपणं कशी झाली? आणि टेसा दर खेपेला सांगायची, माहीत नाही. अनीश हायस्कूलला बायॉलॉजी शिकवतो. त्याला ते 'माहीत नाही' टोचायला लागलं आणि त्यानं एका कंपनीचा तो डीएनए चाचणीचा थुंकीचा डबा मागवला. टेसानं थुंकी पाठवून दिली. पुढे कित्येक आठवडे लांबलांबच्या चुलतभावंडांशिवाय कुणी निघालं नाही. आज पहाटे ती पाणी प्यायला उठली, सहज फोन उघडला, तर स्क्रीनवर लिहिलं होतं: सख्खा भाऊ.

"मी त्याला मेसेज केला," टेसा म्हणाली. "फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. त्याचं नाव जुनवेई आहे. तो तिथे पीएचडी करतो. त्यानं लिहिलंय, मी दोन वर्षं रोज सकाळी हे अॅप उघडून बघतोय."

अनीश त्या दिवशी घरी नव्हता. शाळेच्या मुलांना घेऊन सायन्सच्या स्पर्धेला ओहायोला गेला होता, रविवारी रात्री परतणार होता. फोनवर तो आनंदानं ओरडलाच, पण म्हणाला, थांब, मी आलो की आपण दोघं जाऊ. शशिकांत पुण्याला गेलेला. टेसानं शुभापुढे आपला हात धरला. तो थरथरत होता. या हातानं चार तास ड्राइव्ह करता येणार नाही, आणि उद्यापर्यंत थांबले तर माझं डोकं फिरेल, असं ती म्हणाली.

शुभाला गाडी येत होती, पण तिची गाडी ओकट्री रोडवरची देशी दुकानं, देऊळ आणि शनिवार-रविवारची मराठी शाळा एवढ्यावरच फिरायची. फ्रीवेला लागायचं म्हटलं की ती शशिकांतच्या शेजारी बसून डोळे मिटून घ्यायची. आणि तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "चल." बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण तो शब्द बाहेर पडताना अंगात कसं बळ आलं होतं, जणू कुणी तिलाच बोलावलं होतं.

बूट घालता घालता ती थबकली. "कॅरलला सांगितलंस?"

टेसानं नाही म्हणून मान हलवली. तिला वाईट वाटलं तर, एवढंच ती म्हणाली.

"आधी तिला फोन कर. मग गाडी सुरू करते."

शुभा बाजूला जाऊन उभी राहिली तरी तिचे कान तिकडेच होते. टेसानं सांगून टाकलं. मग कॅरलनं कोणत्या रस्त्यानं येताय ते विचारलं, आणि ब्लूम्सबर्गला हायवेवरून उतरल्यावर जो पहिला पेट्रोलपंप लागतो तिथे मी उभी असेन, असं सांगून फोन ठेवला.

पहिला तासभर शुभानं स्टिअरिंग असं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. बाजूनं ट्रक गेला की ती मनातल्या मनात रामरक्षा पुटपुटायची. टेसा शेजारी बसून त्या मुलाचे मेसेज वाचून दाखवत होती. त्याला कोथिंबीर आवडत नाही. टेसालाही नाही. त्याची उंची सहा फूट. गावातल्या पोरांत सगळ्यात उंच. टेसाही तिच्या वर्गात उंच होती, आणि तिला कायम वाटायचं की हे अमेरिकेतल्या दुधामुळे असेल. शुभाला हसू येत होतं आणि रस्त्यावरून नजर काढायची भीतीही वाटत होती.

तिच्या मनात मात्र एक वेगळीच आठवण घोळत होती. साताऱ्याला शाळेत तिच्या बाकावर नकुसा नावाची मुलगी बसायची. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून आईबापांनी नकोशी म्हणून तेच नाव ठेवलेलं. पण तिला निदान घरात ठेवलं होतं. रोज डब्यात भाकरी असायची. शाळेच्या भिंतीवर तेव्हा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला असायचा, दोन किंवा तीन पुरेत म्हणून. सरकारनं सांगायचं आणि लोकांनी आपल्याला हवं ते करायचं, एवढंच शुभाला माहीत होतं. पुढे तिनं आणि शशिकांतनं एकावर थांबायचं ठरवलं तेव्हा सासूबाई महिनाभर फुगून बसल्या, पण दारात कुणी तपासायला आलं नव्हतं.

कॅरल पेट्रोलपंपावर उभी होती. लाल टोपी, हातात कॉफीचे तीन कप, आणि डोळे सुजलेले. तिनं टेसाला कवटाळलं, पोटावरून हात फिरवला, मग शुभाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू फार हळू आलीस. किल्ली दे." तीस वर्षं बस चालवलेली बाई ती. शुभानं किल्ली दिली आणि मागच्या सीटवर बसून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

पुढचा रस्ता कॅरल अखंड बोलत होती. टेसाला आणायला ती चीनला गेली तेव्हाचा पाऊस, हॉटेलातला पाळणा, विमानातलं रडणं, सगळं तिनं पुन्हा सांगितलं. शुभानं ते आधी ऐकलेलं होतं. आज मात्र तिला त्या बोलण्यामागचं काही निराळं ऐकू येत होतं. एका डोंगराच्या वळणावर कॅरलनं वेग कमी केला. मग आरशातून शुभाकडे बघत म्हणाली, "मला तिच्या आईबापांना भेटायची तीस वर्षं भीती वाटत होती. आणि तीस वर्षं वाटायचं की कुणीतरी भेटावं, म्हणजे सांगता येईल की पोरगी छान आहे." टेसानं आपला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

स्टेट कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटांची एक लांबलचक रांग होती. समोर युनिव्हर्सिटीच्या बसचा थांबा. थांब्याजवळ एक उंच पोरगा नुसत्या स्वेटरवर उभा होता. बस येऊन गेली तरी तो चढला नाही. त्यांची गाडी वळताना त्यानं वाकून काचेतून आत पाहिलं आणि तो चालत पुढे आला. त्याची चाल शुभाच्या ओळखीची होती. पाय किंचित आत वळवून, डावा खांदा जरा खाली टाकून. टेसा अशीच चालते. अनीश त्यावरून तिला चिडवायचा.

टेसा गाडीतून उतरली. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली, आणि कुणीच पुढे होईना. टेसानं आयुष्यात आपल्यासारखं नाक, आपल्यासारखी हनुवटी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नव्हती. ती त्याच्याकडे अशी बघत होती, की शुभाला वाटलं आता ती हात लावून खात्री करून घेईल. आणि तिनं खरंच हात लावला. त्याच्या भुवईला.

"जिये," तो म्हणाला. मग इंग्रजीत सांगितलं, म्हणजे मोठी बहीण. टेसानं शुभाकडे वळून विचारलं, मराठीत काय म्हणतात?

"ताई," शुभा म्हणाली.

वर खोलीत सोफ्याच्या दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेली सायकल आणि स्वयंपाकघरात तांदळाचं भलंमोठं पोतं. त्यानं सगळ्यांना गरम पाणी दिलं. चहा करायचं त्याला सुचलंच नाही. बसल्यावर त्यानं घसा साफ केला. हे वाक्य त्यानं बहुतेक दोन वर्षं मनात घोटून ठेवलं होतं.

"ताई, मी तुझ्या जागेवर आलोय. हे मला लहानपणापासून माहीत आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. शहरात एकच मूल, पण खेड्यात पहिली मुलगी झाली तर आणखी एका अपत्याची परवानगी मिळायची, अशी त्या काळची पद्धत होती. आधी शाओयेन झाली, त्या दोघांची थोरली बहीण. दुसऱ्या खेपेला आई आपल्या बहिणीकडे दुसऱ्या तालुक्यात जाऊन राहिली, म्हणजे काही झालं तरी गावात कळायला नको. झाली टेसा. तिचं नाव गावात लागलं असतं तर परवानगी संपली असती, आणि आजोबांना नातू हवा होता. ठरवणारे आजोबा. बाजाराच्या फाटकाशी ठेवून येणारी आई. भाजीच्या गाड्यांआड ती उभी राहिली, कुणीतरी बाळ उचलेपर्यंत हलली नाही. दोन वर्षांनी जुनवेई झाला. घरात त्या दुसऱ्या मुलीचा उल्लेख करायचा नाही असा आजोबांचा नियम होता. ते गेल्यावर नियमही गेला. जुनवेई शिकायला अमेरिकेला निघाला तेव्हा विमानतळावर आई त्याला एवढंच म्हणाली, त्या अनाथालयातल्या पुष्कळ मुली अमेरिकेत गेल्या असं ऐकलंय, तिथे गेलास की बघ.

टेसानं सगळं ऐकून घेतलं.

"जागा तू मागितली नव्हतीस," ती म्हणाली. "कधीतरी मी रागावणार आहे. त्यांच्यावर, तुझ्यावर, सगळ्यांवर. पण आज नाही. आज मला तुझ्याकडे बघायचंय."

जुनवेईनं मान खाली घातली आणि मोठ्यानं नाक ओढलं. कॅरलनं पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला, शाळेच्या बसमधल्या पोराला द्यावा तसा.

तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण आईवडील संध्याकाळपासूनच जणू फोनजवळ बसून होते. जुनवेईनं फोन लावला आणि तो तांदळाच्या पोत्यावर टेकवून उभा केला. स्क्रीनवर एक ठेंगणी बाई आली, केस आखूड, अंगात जाड फुगीर जाकीट. मागे वडील येरझाऱ्या घालताना दिसत होते; क्षणभर पुढे यायचे, बघायचे, पुन्हा मागे सरकायचे. बाई नुसती बघत राहिली. इकडे टेसाही तशीच. शुभाला वाटलं, जोडणी तुटली की काय.

मग तिकडून एक छोटा प्रश्न आला. जुनवेई तो सांगताना अडखळला.

"ती विचारतेय, उजवा कान अजून दुखतो का?"

टेसानं चमकून उजव्या कानावर हात नेला. उत्तर तिनं द्यायच्या आत कॅरल उठली आणि फोनसमोर जाऊन वाकली. "दुखायचा," ती म्हणाली. "थंडीत फार दुखायचा. हॉटेलात पहिल्याच रात्री ती रडायला लागली, मी तिला उजव्या कानावर माझा तळहात ठेवून झोपवलं. पाच वर्षांची होईपर्यंत तसंच झोपवावं लागायचं."

जुनवेईनं भाषांतर केलं. पडद्यावरची बाई पुढे सरकली. तिनं आपला तळहात उचलून स्वतःच्या उजव्या कानावर ठेवला आणि कॅरलला दाखवला. असाच. मीही असाच ठेवायचे, ती माझ्याजवळ होती तेवढे दिवस. दोघी बायका एकमेकींकडे पाहत कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर जुनवेईला भाषांतराला फुरसतच मिळेना, कारण दोघी एकदम बोलायला लागल्या होत्या. कान कधी फुटला, कुठलं औषध लागू पडलं, बोलायला कधी लागली, दात कधी आले.

डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांची उत्तरंही त्याच गडबडीत मिळाली. मधुमेह कुणाला नाही. आजी नव्वदीपर्यंत शेतात जायची. बाळंतपणं तिन्ही झटपट झाली, तेव्हा हॉस्पिटल लांब असेल तर वेळेवर निघ, असं आईनं दोनदा बजावलं. टेसा हसायला लागली, ती थांबेचना. मग वडील पहिल्यांदा नीट पुढे येऊन बसले. ते एवढंच म्हणाले की पोरी, तू हसतेस तशी तुझी आजी हसायची.

परतताना गाडी पुन्हा कॅरलनंच चालवली. तिघी ब्लूम्सबर्गला तिच्या घरी राहिल्या. शुभाला झोप आली नाही. उत्साहानं ती पहाटेच उठली आणि कॅरलच्या स्वयंपाकघरात जे सापडलं त्यातून उपमा केला.

टेसाचं डोहाळजेवण आधीच ठरलेलं होतं, मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी. आता त्याला नवाच रंग चढला. शुभानं आमंत्रणाच्या फोनांत प्रत्येकीला सांगितलं की टेसाच्या माहेरची माणसं दोन्हीकडची आहेत. जुनवेई बसनं न्यूयॉर्कपर्यंत आला, तिथून अनीशनं त्याला आणलं. वाटेत दोघांचं एवढं जमलं की घरात शिरताना ते सॅलमँडर नावाच्या कुठल्यातरी प्राण्यावरून वाद घालत होते. आईच्या फोनवरच्या हुकमानं जुनवेईनं पिशवीभर लाल खजूर आणि तांबूस साखरेच्या जाड वड्या आणल्या होत्या. शुभानं एक वडी चाखली. गूळच तो. तिनं तो त्या दिवशीच्या डिंकाच्या लाडवांत घातला.

हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, कमरेला फुलांचा पट्टा. नटलेल्या टेसाला बघून कॅरल हरखून गेली. तिनं टेसाचे इतके फोटो काढले की फोन भरून गेला. बायकांनी ओटी भरली. कॅरललाही शुभानं नारळ, खण, तांदूळ हातात देऊन पुढे केलं.

आता वाटीच्या खेळाचं शुभानं आधीच ठरवून टाकलं होतं. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. होणाऱ्या आईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. दरवेळी सगळ्या हसतात, टाळ्या पिटतात. पण या घरात, जुनवेईसमोर, तो खेळ मांडायचा नाही. तिनं सरलाला तसं बजावूनही सांगितलं होतं. सरला ही तिची ओकट्री रोडवरची जुनी मैत्रीण, सगळ्यांच्या समारंभांत पुढे असणारी. पण सरलाच्या ते लक्षात राहिलं नाही, की खेळाशिवाय डोहाळजेवण कसलं असं वाटलं, कोण जाणे. गाणी संपताच तिनं ताटात दोन चांदीच्या वाट्या आणून टेसासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "उचल बाई एक."

जुनवेई शेजारच्या मुलीला विचारत होता, हे काय? ती त्याला इंग्रजीत खुशाल समजावून सांगत होती. त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला. खोलीतलं हसू कमी झालं, पण का कमी झालं ते निम्म्या जणींना कळलंही नाही.

टेसानं शुभाकडे पाहिलं. "आई, यात काय आहे?"

खोटं बोलावंसं शुभाला वाटलं नाही. तिनं जे होतं ते सरळ सांगितलं.

टेसानं एकदा भावाकडे बघितलं. मग तिनं दोन्ही हातांनी दोन्ही झाकणं एकदम उचलली. "मला सकाळपासून भूक लागलीय," ती म्हणाली, पेढा अख्खा तोंडात टाकला आणि बर्फी जुनवेईपुढे धरली. "आणि ही तुझी." त्यानं ती घेतली. चावताना तो हसायला लागला, डोळे पुसायला लागला, आणि आता मात्र सगळ्या जणी खरोखर हसल्या. सरला तर सर्वांत मोठ्यानं हसली.

जेवणं चालू असताना जुनवेईचा फोन वाजला. शाओयेन होती, थोरली बहीण. तिला कामावरून यायला उशीर झाला होता. तिनं टेसाची साडी बघितली, फुलं बघितली, आणि एक घडलेली गोष्ट सांगायला लागली. जुनवेई सांगत गेला तसं ताटं वाढणाऱ्या बायकाही थांबून ऐकायला लागल्या.

शाओयेनला एकच मुलगी आहे. आता सरकारला मुलं हवी आहेत. आधी दोनाची परवानगी आली, मग तिनाची. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या कचेरीतून तिला फोन आला, दुसरं मूल कधी, तिसऱ्याचा काही विचार? फोन करणारी बाई नात्यातलीच, आईची मामेबहीण. हीच बाई पूर्वी घरोघर फिरून सुनांची पोटं बघायची. तिच्याच भीतीनं आई दुसऱ्या तालुक्यात जाऊन राहिली होती. शाओयेन तिला म्हणाली, मावशी, आमच्या घरात तीन मुलं आधीपासूनच आहेत. मधलं तुम्ही मोजलं नव्हतंत, एवढंच.

"मग?" अनीशनं विचारलं.

"तिसऱ्या मुलाचा विषय तिथेच संपला," जुनवेई म्हणाला. "मग मावशीनं विचारलं, ती बरी आहे ना? आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः आईकडे आली. आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पण तिनं ताईचा फोटो पुढे केला. मावशी बसली होती तिथेच बसून राहिली, संध्याकाळपर्यंत."

टेसा ऐकत होती. ती पोटावर हात ठेवून शाओयेनला म्हणाली की पुढच्या वर्षी मी येतेय, बाळाला घेऊन, कॅरलला घेऊन, आणि आमच्या आईंनाही घेऊन. शुभानं हे पहिल्यांदाच ऐकलं. तिनं काही विचारायच्या आत कॅरल पासपोर्टच्या मुदतीबद्दल बोलायला लागली होती.

पांगापांग झाल्यावर जुनवेई शुभाच्या मागे स्वयंपाकघरात आला. चिनी भाषेत आईच्या भावाला वेगळा शब्द आहे, तो म्हणाला, पण त्याच्या भाचीच्या, म्हणजे शाओयेनच्या मुलीच्या वर्गात कित्येक पोरांना तो कुणासाठी वापरायचा तेच माहीत नाही. त्यांच्या आयांना भाऊच नाहीत. तुमच्यात मामानं काय काय करायचं असतं, हे त्याला आजच समजून घ्यायचं होतं.

शुभानं हात पुसले. बारशाला यायचं, ती म्हणाली. लग्नात भाचीला बोहल्यापाशी आणायचं, पण त्याला अजून अवकाश आहे. आणि त्याआधी जावळ. बाळाचे पहिले केस काढतात ते मामाच्या मांडीवर बसवून.

"मांडीवर? म्हणजे खाली बसून?"

"खाली, पाटावर. मांडी घालून."

त्यानं तिथेच, फ्रिजसमोरच्या फरशीवर बसून पाहिलं. त्या लांबलचक तंगड्या काही केल्या घडी पडेनात. एक गुडघा खाली गेला की दुसरा वर यायचा. शुभा त्याच्यासमोर खाली बसली, त्याचा डावा पाय धरून उजव्याखाली सरकवला आणि गुडघ्यावर हलकेच दाब दिला.

"आता पाठ सरळ," ती म्हणाली. "बाळ हलेल, रडेल. पण तू हलायचं नाहीस."